नावे सहांची, हस्ताक्षर एकीचे

सोलापूर जिल्ह्यातील एका शिक्षिकेचे पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. वर्गात ५२ मुले-मुली आहेत. दिवाळीनंतर मी ‘आपल्या गावातील पाणी’ या विषयावर प्रकल्प दिला. मुलांना आपापसात सहा-सात जणांचे आठ गट करायला सांगितले, प्रत्येक गटात एक हुशार विद्यार्थी गटप्रमुख म्हणून नेमला आणि तीन आठवड्यांची मुदत दिली. वह्या जमा झाल्या तेव्हा आठपैकी सहा वह्यांमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हस्ताक्षर होते. एका मुलीने तर चित्रे, तक्ते, लेखन असे सारे एकटीने केले होते. तिचे वडील शाळेत आले आणि म्हणाले, ‘माझ्या मुलीने रात्री अकरापर्यंत जागायचे आणि गुण मात्र सगळ्यांना सारखे, हा कुठला न्याय?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. गट पडत असताना आणखी एक गोष्ट घडली, ती मला अजून टोचते. वस्तीवरून सायकलने येणारा एक अबोल मुलगा आहे. त्याला कोणत्याच गटाने आपणहून घेतले नाही. शेवटी मी त्याला एका गटात बसवले, पण त्याने काही केले नाही आणि कोणी त्याला काही करूही दिले नाही. मुख्याध्यापक म्हणतात की गटकार्याने गोंगाट होतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. मुलांना एकत्र काम करता यावे असे मला मनापासून वाटते, पण आता हे सारे थांबवावे का?”

प्रिय शिक्षिका-भगिनी,

सप्रेम नमस्कार. गटकार्य थांबवू नका. मात्र ज्या रीतीने ते यंदा झाले, त्या रीतीने पुन्हा करू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. तुमच्या पत्रातील एकाच हस्ताक्षराची नोंद मला सर्वांत मोलाची वाटली, कारण वही सुंदर आहे की नाही हे पाहण्याच्या नादात ती गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातच येत नाही. आठपैकी सहा गटांत एकच प्रकार घडतो, तेव्हा त्याचे कारण जवळजवळ चाळीस मुलांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांना दिलेल्या कामात शोधणे अधिक योग्य ठरते. माहिती गोळा करून वहीत उतरवणे आणि चित्रे चिकटवणे हे काम एका विद्यार्थ्याला पूर्ण करता येते. किंबहुना एकट्याने केले तर ते लवकर आणि नीटनेटके होते. एकाला पुरेल एवढे काम सहा जणांत दिले की पाच जण रिकामे राहतात, आणि मग त्या रिकाम्या राहिलेल्या मुलांनाच आपण आळशी म्हणतो.

तुमच्या शाळेच्या मैदानावर खो-खो खेळला जात असेल. त्या खेळाचे नियम एकदा शिक्षिकेच्या नजरेने पाहा. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात. त्यांतील आठ जण एका ओळीत, शेजारच्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात आणि नववा धावतो. पळणारा खेळाडू बसलेल्यांच्या मधून हवा तसा इकडून तिकडे जाऊ शकतो, पण पाठलाग करणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय त्याला मागे वळता येत नाही आणि ओळ ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. त्यामुळे संघातला सर्वांत चपळ गडीसुद्धा एकट्याच्या पायांवर डाव जिंकू शकत नाही. योग्य क्षणी, योग्य जागी बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून त्याला ‘खो’ द्यावाच लागतो. एकमेकांना साहाय्य करा, असा उपदेश त्या मैदानावर कोणाला करावा लागत नाही, कारण तो नियमातच बसवलेला आहे. वर्गातील गटकार्याची रचनाही अशीच हवी, की खो दिल्याशिवाय काम पुढे सरकूच नये. तुमच्या प्रकल्पात धावणाऱ्या मुलीला सगळे मैदान मोकळे होते, म्हणून ती एकटीच धावत राहिली.

येथे एक गोष्ट सांगून ठेवते. लेझीम, समूहगीत आणि कवायत यांतून संघभावना येतेच, मग वर्गात वेगळा खटाटोप कशाला, असे काही सहकारी विचारतात. एका ठेक्यात पाऊल टाकताना मुलांना जो आनंद मिळतो तो खरा आहे आणि तो शाळेतून कधी जाऊ नये. परंतु तेथे सर्वांनी एकच कृती एका वेळी करायची असते. एकाला एक माहीत आहे, दुसऱ्याला दुसरे, आणि दोघांचे जुळवल्याशिवाय तिसरी गोष्ट कळणार नाही, अशा परिस्थितीत कसे वागायचे हे लेझीम शिकवत नाही. पुढे शेतात, कारखान्यात, दवाखान्यात किंवा ग्रामपंचायतीत मुलांच्या वाट्याला बहुधा हीच परिस्थिती येणार आहे.

गटात अंग चोरणे हा आपल्याच मुलांचा दोष आहे असे कृपा करून मानू नका. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून प्रत्येकाचे बळ मोजले होते. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसे वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला आणि आठ जणांच्या गटात तो एकट्याने लावलेल्या बळाच्या जवळपास निम्म्यावर आला. काही बळ ओढण्याचा मेळ न जमल्यामुळे वाया गेले असेल, हे खरे. पण १९७९ मध्ये बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत टाळ्यांचे आणि ओरडण्याचे प्रयोग केले, त्यांत आपण इतरांबरोबर ओरडत आहोत असे नुसते वाटले तरी माणूस कमी जोराने ओरडतो असे दिसले. त्यानंतरच्या प्रयोगांत मात्र आपला आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे हे कळल्यावर ही कसर नाहीशी झाली. तुमच्या वर्गासाठी यातून दोन गोष्टी निघतात: गट लहान असावा, आणि प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखता यावा. सहा-सात जणांच्या गटात आणि सर्वांना एकाच गुणाच्या पद्धतीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

मी हे अधिकाराने सांगत असले तरी अनेक वर्षे मी स्वतः हीच चूक केली आहे. हुशार मुलगा किंवा मुलगी पाहायची, तिला गटप्रमुख करायचे आणि तिच्यावर सारे सोपवून द्यायचे, हीच माझी पद्धत होती, आणि गटांचे तक्ते वर्गाच्या भिंतीवर झळकले की मला समाधान वाटत असे. पुष्कळ वर्षांनी माझी एक विद्यार्थिनी भेटली. ती एका कार्यालयात मोठ्या पदावर होती. बोलता बोलता ती म्हणाली, “बाई, शाळेत मी दरवेळी गटप्रमुख असायचे, पण नोकरीत हाताखालच्या माणसाला काम सांगायची मला भीती वाटायची. त्याच्याकडून चुकेल म्हणून मी रात्री बसून सगळं स्वतःच करायचे.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण ते ऐकून मला फार वाईट वाटले. तिला मी सहकार्य शिकवत आहे असे मला वाटत होते आणि प्रत्यक्षात मी तिला एकटीने ओझे वाहायची सवय लावली होती. तुमच्या वर्गातील त्या मुलीबद्दल वाचताना मला तीच आठवली.

काम तुकड्यांत वाटण्याची जी पद्धत मला सर्वांत उपयोगी पडली, तिचा उगम अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरात आहे. १९७१ मध्ये तेथील शाळांमध्ये गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली आणि वर्गांत तणाव, भांडणे सुरू झाली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांना मदतीसाठी बोलावण्यात आले. वर्गात बसून पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले की शिक्षक प्रश्न विचारतो, मुले हात वर करून एकमेकांवर मात करू पाहतात आणि एकाचे उत्तर चुकले की दुसऱ्याला आनंद होतो. अशा वर्गात मैत्री होणे कठीणच. त्यांनी पाठाचे तुकडे केले आणि गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण पाठ कोणाकडेच नव्हता, त्यामुळे शेजारच्या मुलाचे नीट ऐकल्याशिवाय परीक्षेत उत्तर लिहिणे शक्य नव्हते. शिवाय एकच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतील मुले आधी एकत्र बसत, आपला तुकडा समजून घेत, तो कसा सांगायचा याचा सराव करत आणि मगच आपापल्या गटात परतत. ही मधली पायरी घाईत गाळू नका. ज्या मुलाचे वाचन कच्चे आहे, त्याला या सरावामुळेच गटासमोर बोलण्याचे बळ येते. ती पायरी नसेल तर तो अडखळतो, गट त्याच्यावर चिडतो आणि आपण त्याचे आणखी नुकसान करतो.

आता तुमचा पाण्याचा प्रकल्प घ्या, कारण विषय उत्तम आहे आणि तो टाकून देण्याचे काही कारण नाही. ‘गावातील पाणी’ हे शीर्षक आहे. त्यात प्रश्न नाही, म्हणून मुलांनी माहिती भरली. त्याऐवजी असा प्रश्न द्या: आपल्या शाळेच्या छपरावर पावसाळ्यात पडणारे पाणी साठवले, तर उन्हाळ्यातील टंचाईच्या दिवसांत ते दहा घरांच्या वस्तीला पुरेल का? या प्रश्नाचे चार तुकडे पडतात. एकाने छपराची लांबी-रुंदी मोजायची, म्हणजे जमिनीवरून भिंतीलगत टेपने मोजून क्षेत्रफळ काढायचे. दुसऱ्याने तुमच्या भागात वर्षभरात किती मिलिमीटर पाऊस पडतो याची नोंद तहसील किंवा कृषी कार्यालयातून मिळवायची आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी हे गणित इतरांना समजावून द्यायचे. तिसऱ्याने चार-पाच घरांत रोज किती हंडे, किती बादल्या लागतात हे विचारायचे आणि लिटरच्या बाटलीने हंडा मोजून त्याचे लिटर करायचे. चौथ्याने विहिरीतील पाण्याची पातळी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, दगड बांधलेल्या दोरीने दर आठवड्याला मोजायची आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते, टँकर किती दिवस येतो, ते लिहून आणायचे.

यांतील एकही तुकडा नसेल तर उत्तर निघत नाही. समजा छप्पर २०० चौरस मीटरचे आहे आणि पाऊस ५०० मिलिमीटर. तर छपरावर १,००,००० लिटर पाणी पडते. जल जीवन मिशनने खेड्यांसाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला २७५ लिटर आणि दहा घरांना २,७५० लिटर लागतात, म्हणजे ते पाणी सुमारे ३६ दिवस पुरेल. गळती आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी वजा केले तर त्याहूनही कमी. हे ३६ दिवस पुरेसे आहेत की नाहीत, हे मात्र विहीर मोजणारा मुलगाच सांगू शकतो. आणि तिसऱ्या मुलाने मोजलेला प्रत्यक्ष वापर ५५ लिटरपेक्षा बराच कमी निघाला, तर गटाला थांबून विचार करावा लागेल की दिवस वाढले हे चांगले, की लोक इतक्या कमी पाण्यात भागवतात हे वाईट. त्या क्षणी वर्गात जो वाद होईल, तो होऊ द्या.

गट चौघांचे करा. ५२ मुलांचे बरोबर १३ गट होतात. बाके हलवण्याची गरज नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की गट तयार होतो आणि अर्ध्या मिनिटाचे काम असल्यामुळे गोंगाटही फारसा होत नाही. कोणी गैरहजर असेल तर त्याचा तुकडा त्या दिवसापुरता दुसऱ्या गटातील तोच तुकडा असलेल्या मुलाने येऊन सांगावा. गट मात्र तुम्हीच पाडा. मुलांवर सोडले की गट वाडीप्रमाणे, नात्यांप्रमाणे आणि, स्पष्टच लिहिते, आडनावांप्रमाणे पडतात, आणि मोठ्यांच्या जगातील भिंती आपण वर्गात आपल्या हाताने उभ्या करतो. मुली-मुलांचे मिश्रण, वाचनात पुढे असलेले आणि मागे असलेले यांचे मिश्रण, गावठाण आणि वस्त्या यांचे मिश्रण, एवढे पाहून यादी करा आणि ती कारणे न सांगता वाचून दाखवा. तो गट निदान सहा-सात आठवडे बदलू नका. पहिल्या दोन आठवड्यांत कुरबुरी होतील आणि गट बदलून मागायला काही मुले येतील. त्या वेळी शांतपणे नाही म्हणा, कारण न पटणाऱ्या माणसाबरोबर काम निभावणे हाच या शिक्षणाचा मोठा भाग आहे. केवळ कोणी कोणाचा अपमान किंवा छळ करत असेल तरच लगेच मध्ये पडा, आणि तेव्हा मुळीच वेळ लावू नका.

गटांमध्ये बक्षिसांची चढाओढ लावण्याचा मोह होईल, कारण तिने उत्साह लगेच येतो. मी ती टाळेन. १९५४ मध्ये मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले होते. त्यांचे दोन गट करून सामने लावल्यावर थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणे इथपर्यंत मजल गेली. दोन्ही गटांना नुसते एकत्र जेवायला बसवूनही काही साधले नाही. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडल्यावर सर्वांनी मिळून बिघाड शोधणे, बंद पडलेला ट्रक सर्वांनी मिळून दोराने ओढणे, अशा दोघांनाही गरजेच्या कामांतून ते वैर हळूहळू ओसरले. तुमच्या १३ गटांच्या आकड्यांतून शेवटी वर्गाचा एकच तक्ता व्हावा आणि तो ग्रामपंचायतीपुढे ठेवला जावा, असे ठरवले तर वेगळ्या बक्षिसाची गरज भासणार नाही.

रचना चांगली असली तरी मुलांना एकमेकांशी बोलायचे कसे हे शिकवावे लागते. आपण त्यांना ‘आपापसात चर्चा करा’ असे सांगतो, पण चर्चा म्हणजे नेमके काय हे त्यांनी पाहिलेले नसते. घरात मोठी माणसे बोलतात तेव्हा मुलांनी गप्प बसायचे, एवढेच त्यांना माहीत असते. म्हणून दर आठवड्याला एकच गोष्ट घ्या आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात ‘थांब, तिचं पूर्ण होऊ दे’. दुसऱ्या आठवड्यात ‘मला हे कळलं नाही, पुन्हा सांगशील?’, कारण न कळल्याचे कबूल करणे आपल्या वर्गांत सर्वांत अवघड असते. तिसऱ्या आठवड्यात ‘मला ते पटत नाही, कारण…’, आणि त्या ‘कारण’ शब्दानंतर काहीतरी आलेच पाहिजे हा नियम. तास संपताना दोन मिनिटे राखून प्रत्येक गटाला विचारा की आज तुमच्यात कोणाचे बोलणे सर्वांत उपयोगी पडले आणि कोणाला बोलायला मिळाले नाही. सुरुवातीला मुले लाजतात, मग खरे सांगू लागतात. तुम्ही स्वतः गटांमध्ये फिरताना उत्तर सांगायची घाई करू नका. एखाद्या मुलाने तुम्हाला प्रश्न विचारला तर गटातील इतर तिघांना तो विचारून झाला का, एवढेच विचारा.

आता त्या मुलीबद्दल. तिची चूक नाही आणि तिला ‘तू इतरांना संधी देत नाहीस’ असे बोलून दुखवू नका. तिने जे केले ते तिच्याकडून अपेक्षितच होते, कारण वहीची जबाबदारी तिच्या नावावर होती आणि वही बिघडली असती तर बोल तिलाच लागला असता. तिला नव्याने शिकायचे आहे ते हे, की दुसऱ्याचे काम आपल्याइतके सुबक नसले तरी ते त्याच्याच हातून होऊ द्यायचे आणि जिथे त्याला अडेल तिथे त्याच्या हातातील पेन्सिल न घेता सांगायचे. गटप्रमुख हे पद काढूनच टाका. नोंद घेणारा, वेळ पाहणारा, साहित्य सांभाळणारा आणि वर्गापुढे बोलणारा अशी चार कामे ठेवा आणि ती दर आठवड्याला फिरवा. हे फिरवणे कडकपणे पाळा. मी पाहिले आहे की लक्ष ठेवले नाही तर टेप आणि दोरी मुलांच्या हातात जाते, रंगकाम आणि सुवाच्य लेखन मुलींकडे येते आणि वर्गापुढे बोलायला पुन्हा मुलगाच उभा राहतो.

तिच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न योग्य होता आणि त्यांना तसे सांगण्यात तुम्हाला कमीपणा वाटू नये. गुणांचा अन्याय दूर करणे तुमच्या हातात आहे. आपल्या राज्यात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांमध्ये प्रकल्पाबरोबरच स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन आणि गटकार्य यांचाही उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन तुम्ही नोंदी वेगळ्या ठेवू शकता. प्रत्येकाने आपल्या तुकड्याचे एक पान स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावे आणि त्याचे गुण त्याचे एकट्याचे असावेत. नंतर पूर्ण प्रश्नावर एक छोटी लेखी चाचणी घ्या, तीही प्रत्येकाची स्वतंत्र. गटाच्या एकत्र निष्कर्षाला गुण द्यायचेच असतील तर ते थोडे ठेवा. सादरीकरणाच्या वेळी कोण बोलणार हे आधी न ठरवता चिठ्ठी काढून गटातील कोणालाही दुसऱ्याच्या तुकड्याबद्दल विचारा. मग आपल्या सोबत्याला समजले आहे की नाही याची काळजी गट आपणहून घेऊ लागतो. मुलांनी एकमेकांना गुण देण्याची पद्धत मात्र मी वापरणार नाही. या वयात ती मैत्री आणि रुसवे यांच्या हिशेबाने चालते आणि ज्याला आधीच कोणी जवळ करत नाही, त्याला तिचा फटका बसतो. सहाध्यायी मूल्यमापन करायचे तर शब्दांत करावे: ‘तुझ्यामुळे मला हे कळले’, असे एक वाक्य प्रत्येकाने प्रत्येकाला लिहावे.

मुख्याध्यापकांची अडचणही खोटी नाही. तीन आठवड्यांचा एक मोठा प्रकल्प वर्षातून एकदा करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस मिनिटे हे काम ठेवा. अभ्यासक्रम मागे पडणार नाही, कारण तुकड्यांत वाटायचे ते पाठ्यपुस्तकातीलच असेल. आपल्या गावांत सावड करतात, आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. ते नाते टिकते कारण ती वेळ पुन्हा पुन्हा येते आणि आज अंग चोरणाऱ्याला उद्या स्वतःच्या शेतात माणसे मिळत नाहीत. वर्गातही हीच सवय वारंवार लागू द्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना वीस मिनिटे वर्गात येऊन बसण्याची विनंती करा. मुले आकड्यांवरून वाद घालत असताना होणारा आवाज आणि मोकाट गोंगाट यांतील फरक त्यांनाही ऐकू येईल. आणि सगळेच गटात करू नका. वाचन, गणिताचा सराव, निबंध या गोष्टी मुलाने एकट्यानेच शांतपणे करायच्या असतात. जे काम एकट्याने चांगले होते त्यासाठी गट पाडले की मुलांचा गटावरचा विश्वास उडतो.

राहिला तो वस्तीवरचा मुलगा, ज्याच्यामुळे तुम्ही हे पत्र लिहिले असे मला वाटते. त्याला दयेने कोणाच्या गटात बसवू नका आणि त्याला सामावून घ्या असे वर्गापुढे बोलू नका. त्या बोलण्याने तो आणखी आकसेल. यादी करताना त्याच्याबरोबर स्वभावाने शांत असे तिघे ठेवा आणि ती सर्व कामे करणारी मुलगी त्यांत असू द्या, कारण ती मेहनती आहे आणि समोरचा खरे काम करतो आहे हे दिसले की त्याची कदर करेल. प्रश्नातील ‘दहा घरांची वस्ती’ म्हणून त्याचीच वस्ती निवडता येते का पाहा. घरे कमी-जास्त असली तर आकडा बदला. सर्व गटांना एकच वस्ती मिळाल्यामुळे त्याला वेगळे काढल्यासारखे होणार नाही. तुकडे वाटताना त्याच्याकडे विहिरीचा तुकडा येईल असे पाहा. विहिरीला किती परस (पुरुषभर खोलीचे माप) पाणी आहे, ते कधी खाली जाते, मोटर कधी बंद ठेवावी लागते, हे त्याला आजही माहीत असेल. आजवर शाळेत ते त्याला कोणी विचारलेले नाही. विहिरीचा तुकडा असलेली तेरा मुले सरावासाठी एकत्र बसतील तेव्हा बाकीचे बारा जण त्यालाच प्रश्न विचारतील. आणि पहिले मोजमाप घ्यायला, त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला आधी विचारून, एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही स्वतः त्याच्या गटातील चौघांना घेऊन त्या वस्तीवर जा. वाट त्याला दाखवू द्या आणि दोरी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली त्याच्या हातात असू द्या.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका